अंगठ्याचा कोपरा

हिरामणदादांना माझं तोंड लक्षात राहायला वर्ष गेलं असेल. पाय मात्र पहिल्याच दिवशी पाठ झाला होता. पांडेसऱ्याच्या बाजारात मी समोरून आले की ते आधी खाली बघायचे, ओळख पटली की मान हलवायचे आणि मग कुठे वर बघून म्हणायचे, "बाई, शाळा सुटनी का?" एकदा मी नव्या चपला घालून निघाले तर माझ्या शेजारून सरळ निघून गेले. मी हाक मारून जाब विचारला, तर उलट मलाच ऐकवलं, "चपला तुम्ही बदलतस आनि बोलनं माले?"

मी मूळची बीडकडची. लग्न होऊन सुरतेत आले आणि इथल्या मराठी शाळेत शिकवू लागले. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली, त्यामुळे त्यांची अहिराणी पहिले काही महिने माझ्या डोक्यावरून जायची. हिरामणदादा दोंडाईचाकडचे, न्हाव्याच्या घरातले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. एक शटर, एक खुर्ची, एक आरसा आणि आरशाच्या बाजूला फुलाफुलांचा पडदा. खुर्चीवर दाढी-कटिंग चालायची, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. त्यांचा जीव पडद्यामागे होता. तिथे एक बुटकं स्टूल, एक प्लास्टिकची खुर्ची आणि कोमट मिठाच्या पाण्याचा टब असे. दिवसभर मिलचे कामगार लंगडत लंगडत पडद्यामागे जायचे.

त्यांचं दुखणं एकच. डाइंगच्या खात्यात कामगार पाळीभर रंगाच्या पाण्यात उभे असतात, पायात रबरी बूट. पाय भिजून मऊ होतो, बूट अंगठ्याला दाबतो आणि नखाचा कोपरा बाजूच्या मांसात शिरतो. ऐकायला फालतू वाटतं. ज्याला झालंय त्याला विचारा. अंगठ्यावर चादर पडली तरी माणूस ओरडतो.

मी बूट घालत नव्हते, पण टोकदार चपलांची हौस होती. अंगठा सुजला तेव्हा मी ब्लेड घेतलं आणि नखाचा कोपरा खोलवर कापून टाकला. आठवड्यानं तो दुप्पट सुजला. मला शाळेतून लंगडत येताना पाहिलं वत्सलाकाकूंनी. त्या हिरामणदादांच्या बायको, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या, दारात बसून साड्यांना खडे चिकटवायच्या. त्यांनी काही न विचारता माझा हात धरला आणि मला दुकानात नेऊन बसवलं.

दादांनी पाय मांडीवर घेतला. "कोपरा कोनी काढा?"

"मीच. ब्लेडनं."

त्यांनी पाय खाली ठेवून दिला. "मास्तरीन शेतस ना तुम्ही?" मग स्वतःशीच पुटपुटत पुन्हा उचलला. "कोपरा म्हंजे दारनी चौकट शे, बाई. चौकट काढी लिधी ते भिताड मधमा पडी. मंग नवं नख येस, त्याले रस्ता नही, ते भिताडमाच घुसस." हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा ऐकलं की मला ते कवितेसारखं पाठ झालं.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "काल रातले काय खादं?"

मला वाटलं पथ्य सांगणार असतील. मी सांगायला लागले, "भात, आमटी, भेंडीची भा... आई गं!" त्यांची चपटी सळई नखाखाली शिरली होती. मी श्वास घेईपर्यंत तिच्या मागून कापसाची बारीक वातही शिरली, नखाचा कोपरा मांसावरून उचलला गेला. दादांनी मान वर केली नाही. "भेंडीमा दही टाकतस का चिच?" त्यांनी विचारलं.

"चिंच."

"म्हनूनच चिकट व्हत नही."

बाहेरून काकू हसत होत्या. "बाई, त्यासले भेंडी बिलकुल आवडत नही," त्या म्हणाल्या.

दुखतंय का, असं हिरामणदादांनी कधीच कोणाला विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, दुखतंय का विचारलं की माणूस सगळा जीव अंगठ्यात आणून ठेवतो. त्यापेक्षा जेवण आठवू दे. पडद्यामागून दिवसभर सगळ्या मुलखाची जेवणं ऐकू यायची, आणि प्रत्येक जेवण मध्येच एका किंकाळीवर तुटायचं. गल्लीतल्या बायकांना कुणाच्या घरी काय शिजलं ते तिथूनच कळे.

त्यांच्याकडे वडिलांची नराणी होती. नराणी म्हणजे न्हाव्याचं नखं काढायचं हत्यार, पुढे धार असलेली पोलादाची छोटी पट्टी. ती ते फडक्यात गुंडाळून ठेवायचे आणि अडलं तरच काढायचे. बाकीची हत्यारं त्यांना एका डॉक्टरबाईंनी दिली. या बाई फक्त पायांच्या डॉक्टर. मिलच्या आवारात त्यांनी एकदा तपासणी ठेवली, तेव्हा दादा तिथे भांडायला गेले होते. डॉक्टर लोक इंजेक्शन देऊन अर्धं नख उपटतात असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. बाईंनी भांडण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शक्य तोवर मीही कापत नाही. बसा, बघा." दादा बसले. त्यानंतर दर सोमवारी, दुकान बंद असताना, ते त्यांच्या दवाखान्यात जाऊन बसायचे. बाईंनी हात धरून शिकवलं, एकेक हत्यार हाती दिलं. नख उचलायची सळई, तिरक्या तोंडाची कात्री, बारीक कानस. आणि अट घातली. पू दिसला किंवा माणसाला साखर असली, तर हात लावायचा नाही, माझ्याकडे पाठवायचं.

सगळ्यात त्यांची लाडकी होती तार. स्टीलची केसासारखी तार, दोन्ही टोकांना बारीक आकडे. ते आकडे नखाच्या दोन कडांखाली अडकवायचे आणि तार नखावरून ताणून बसवायची. तार सरळ व्हायला बघते, तिच्याबरोबर नखाच्या आत वळलेल्या कडा हळूहळू वर येतात. काही आठवड्यांत वाकडं नख सपाट होतं. चिरायचं नाही, टाके नाहीत. दादा ती बोटावर ठेवून आल्यागेल्याला दाखवायचे. "हाई तार ओरडत नही, मारत नही. रोज जराशी उचलस."

"बायकोसारखी का हो?" मी एकदा विचारलं.

"मी रोज ओरडस," दारातून काकू म्हणाल्या. "माले मधमा लेऊ नका, बाई."

माणूस तापट होता, हेही सांगायला हवं. कोपरा कापून आलेल्या माणसाला ते असं झापायचे की बिचारा दुखणं विसरून आईबापाची आठवण काढायचा. बुटांवरून तर एकदा ते मिलच्या गेटवर गेले. मिलमध्ये बूट माणसाचा नसतो, मशीनचा असतो. दिवसपाळीचा माणूस बूट काढतो, त्याच मशीनवर रात्रपाळीचा माणूस तेच घालतो. एकाचा पाय केवढा, दुसऱ्याचा केवढा, कोण बघतो? सुपरवायझर म्हणाला, "काका, बूट तो आ ज छे. फावे तो पहेरो." म्हणजे बूट हेच, जमलं तर घाला. दादा भांडले, आवाज चढला, वॉचमन आला. मग दादा गेटसमोर जमिनीवरच बसले. पाळी बदलत होती. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी थांबवलं, पाय बघितले, आणि सारख्या पायांच्या जोड्या लावून दिल्या, पत्रिका जुळवाव्यात तशा. तू याचा बूट घाल, तू त्याचा. सुपरवायझर बघत राहिला. त्याचं काही अडत नव्हतं, म्हणून त्यानं चालू दिलं. दिवाळीपर्यंत पडद्यामागची गर्दी अर्ध्यावर आली.

त्या दिवशी गेटवर त्यांना प्रभाकर भेटला. वर्ध्याकडचा, कापड रंगवायच्या मशीनवर होता. त्याचा अंगठा वांग्यासारखा झाला होता आणि तो मजेत उभा होता. दादा त्याला दुकानात घेऊन आले. मी कसल्याशा वर्गणीसाठी तिथे गेले होते.

"काल काय खादं?"

"पोळी, तुरीचं वरण, वांग्याची भाजी, आन थोडा भात," प्रभाकर म्हणाला. "काऊन?"

सळई नखाखाली होती. मी पाहत होते, ती होती. प्रभाकरचं जेवण मात्र कुठे तुटलं नाही. दादांचा हात थांबला. त्यांनी सळई काढली, पाय धुतला, पुसला, फडकं बांधलं, आणि इतका वेळ खेकसणारा हा माणूस एकदम मऊ आवाजात म्हणाला, "भाऊ, चाल. रिक्षा बलावस." त्यांनी स्वतः त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. प्रभाकरला साखर निघाली. पायातली जाण गेली होती आणि त्याला पत्ता नव्हता. वेळेत गेला म्हणून अंगठा वाचला.

दादा आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जो ओरडस त्यानी माले काळजी नही, बाई. जो गप जेवन सांगस ना, त्याना पाय मरी राह्यना."

वत्सलाकाकूंना साखर होती. त्यांच्या पायाचा मुखत्यार घरातच होता. डॉक्टरबाईंनी काकूंसाठी वेगळं सांगून ठेवलं होतं. तार नाही, कात्री नाही, फक्त दर आठवड्याला कानशीनं नख सरळ घासायचं, कोपरा मोकळा ठेवायचा आणि पाय सगळीकडून बघायचा. रविवारी सकाळी शटर उघडायच्या आधी काकूंची पाळी असे. त्या टबात पाय सोडून राणीसारख्या बसायच्या आणि दादा विचारायचे, "काल काय खादं?"

"तुमनाच ताटमा व्हतं, तेच."

"सांग ना वं."

"भाकर, ठेचा, उडदाची दाय... माय वं! हळू!"

असं वर्षानुवर्षं चाललं. मग एका रविवारी मी वाटी परत करायला गेले होते. काकूंनी भाकर सांगितली, ठेचा सांगितला, डाळ सांगितली, वर ताक सांगितलं आणि गप्प बसल्या. दादा वाट बघत होते. "आनि?" त्यांनी विचारलं.

"आनि काय? संपनं."

दादांनी मान इतकी खाली घातली की मला त्यांचं कपाळ दिसेना. ते पाय पुसत राहिले, कोरडा झाला तरी पुसत राहिले. काकूंना त्यातलं काही कळलं की नाही, मला अजून कळलेलं नाही. मला कळलं, आणि मी वाटी तिथेच ठेवून घरी आले.

त्या दिवसापासून हा माणूस भ्यायला लागला. काकूंनी चपला घालायच्या आधी तो त्या झटकून आत हात फिरवून बघायचा, खडा नाही ना. तळपाय बघायला दाढीचा आरसा घेऊन जमिनीवर आडवा पडायचा. काकूंना अनवाणी चार पावलं टाकू द्यायचा नाही. देवळात जायचं तर कापडी बूट शिवून आणलेले, त्यावरून दोघांची जुंपायची. "देवले चालस का हाई?" काकू विचारायच्या. "देवले इचारी ये," दादा म्हणायचे. मी हसायचे. मला तेव्हा ते प्रेमळ वेड वाटायचं. प्रत्यक्षात ती निव्वळ भीती होती, आणि ती खरी ठरली.

तो रविवार होता. काकूंचा पाय टबात होता, कानस मांडून ठेवली होती आणि गावाहून फोन आला. दादांचे थोरले भाऊ गेले. दादांनी काकूंचा पाय पाण्यातून काढला, पुसला, आणि मिळेल त्या गाडीनं दोघं निघून गेली. किल्ली माझ्याकडे दिली. टबातलं पाणी मीच नंतर ओतलं. नख घासायचं राहून गेलंय हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढचं मला दादांनी सांगितलं, इस्पितळाच्या बाकावर बसून, भिंतीकडे बघत. मी ते त्यांच्याच क्रमानं सांगते.

सुतकात नखं काढत नाहीत. केस नाही, दाढी नाही, नख नाही, दहाव्यापर्यंत. दहाव्याला नदीवर न्हावी येतो, मुंडण करतो, मग सगळं मोकळं. हे कुणाला सांगायला लागत नाही, आणि चुकून कुणी विसरला तर त्याला आठवण करून देणारा माणूस म्हणजे न्हावीच. दादांनी जन्मभर हे काम केलं होतं. सुतकातला माणूस दुकानाची पायरी चढला तर ते हात जोडून परत पाठवायचे.

काकू त्या घरात अनवाणी वावरत होत्या. सुतकाच्या घरात सुनेनं पायात कापडी बूट घालायचे, हे त्यांना जमणारं नव्हतं. दादांनी तिसऱ्या की चौथ्या दिवशी पाय बघितला. कोपरा मांसाला लागला होता, कडेला लाली होती. त्यांनी पिशवीतून कानस काढली. काकूंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"येडा व्हयनात का? सुतकमा नख?"

"जरासंच घासस. कोनी देखत नही."

"जेठना कावळा शिवनार नही. वहिनीना जीव काय म्हनी?" समोरच ओसरीवर नवी विधवा झालेली थोरली जाऊ बसली होती, ती बघत होती. "माले दुखत नही," काकू म्हणाल्या. "दहावं व्हई जाऊ द्या."

"दुखत नही म्हनूनच माले भ्या वाटस," दादा म्हणाले. गावातल्या डॉक्टरकडे चल म्हणाले. सुतकाच्या घरातली सून उंबरा ओलांडून जाणार नव्हती. मिठाच्या पाण्यानं एकदा धुऊ दिलं, फडकं बांधू दिलं, तेवढंच; मग दहाव्यापर्यंत ते सोडू दिलं नाही.

"मी जबरी करी शकतू, बाई," दादा मला म्हणाले. "पाय धरी ठेवतू, ते ती काय करती? पन माले बी वाटनं. मना भाऊ व्हता तो. मी सगळास्ले सांगत उनू, सुतकमा नख नही. मीच पहिले काढू? मंग कावळा नहीच शिवना ते?" मग म्हणाले, "मी कानस परत ठी दिधी."

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. "कावळा लगेच शिवना, बाई," दादा म्हणाले. "पान ठेवताच उना. वाटच देखी राह्यंता." तिथेच, नदीच्या दगडावर, त्यांनी काकूंचं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता. काकू तोपर्यंत त्याच पायावर उभ्या राहून स्वयंपाक करत होत्या.

सुरतेला आणेपर्यंत ताप चढला होता. डॉक्टरबाई इस्पितळात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी होतं नव्हतं ते केलं. आधी अंगठा गेला. आम्ही म्हटलं, अंगठ्यावर भागलं. मग पंजा गेला. मग एका सकाळी दादा बाहेर आले आणि स्वतःच्या पोटरीवर आडवा हात ठेवून मला दाखवलं, कुठवर. मी रडले. तिथे बाकावर बसून मोठ्यानं रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

डॉक्टरबाई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दादा म्हणायचे. "मी लोकसले किती बोलस. माले कोनीच बोलत नही."

काकू घरी आल्या, कुबड्या घेऊन, उजव्या पायावर. हिरामणदादांनी पडद्यामागचा टब उपडा घातला. कामगार यायचे, ते त्यांना हाकलायचे. प्रभाकर एकाला घेऊन आला, नवीन पोरगा होता, रडवेला झालेला. दादा खुर्चीवर गिऱ्हाइकाची दाढी करत होते. "मना हात गया," ते म्हणाले. प्रभाकर म्हणाला, "दादा, माहा अंगठा तुमच्यामुळं हाय." दादांनी वस्तरा धुतला, पुसला आणि म्हणाले, "डॉक्टरबाईकडे ली जाय." दाढी करताना त्यांचा हात स्थिर असायचा. कानस उचलली की थरथरायचा. मी स्वतः पाहिलंय. काकूंचा पाय मांडीवर घेऊन ते अर्धा-अर्धा तास नुसते बघत बसायचे, कानस हातात, आणि तशीच परत ठेवून द्यायचे.

आता काकूंचा सगळा भार त्या एकाच पायावर येत होता. अंगठा चपलेत दाबला जात होता आणि नख काही आमच्यासाठी थांबत नव्हतं. कोपरा आत वळायला लागला. डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचा जिना चढणं काकूंना होईना, त्यांना उचलून न्यायचे. बाई दर वेळी दादांना सांगायच्या, "हे तुम्हीच करायला हवं. दर आठवड्याला, घरी. तुमच्याइतका हा पाय मलासुद्धा माहीत नाही." दादा हो म्हणायचे आणि करायचे नाहीत. रात्री मला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. ते काकूंना विचारत असायचे, "आठे बोट समजस का? आठे? आठे?" काकू म्हणायच्या, "समजस." मला ते खोटं वाटायचं, आणि मला वाटतं दादांनाही.

मी रोज रात्रीचं जेवण धाडत होते. काकू डबा परत देताना म्हणायच्या, "बाई, माले ह्या पायनी काळजी नही. त्यासनी शे. हाऊ बी गया ते तो माणूस मरी जाई." मी म्हणायचे, असं बोलू नका. दुसरं काय म्हणणार होते?

नंतर ती दोघं गावी गेली, लेकीच्या घराजवळ, आणि दुकान पुन्हा उघडलं नाही. तिकडून कुणी आलं की मी आधी पायाचंच विचारते. आहे म्हणतात, अजून आहे. माझं त्यानं समाधान होत नाही, मला तो डोळ्यांनी बघायचाय. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गावी निघायच्या सकाळी.

त्या सकाळी त्यांच्या दारात भाऊबंदांची गर्दी झाली. थोरल्या वहिनी गावी पहाटे वारल्या होत्या. काकूंच्या त्याच जाऊबाई, ओसरीवर बसलेल्या. सुरतेतले चार भाऊबंद गाडी ठरवून दादांना न्यायला आले होते. मला वाटलं दादा पिशवी भरत असतील. मी पाणी घेऊन गेले, तर घर रिकामं होतं. दुकानाचं शटर वर होतं.

फुलाफुलांचा पडदा त्यांनी काढून बाजूला टाकला होता. काकूंना आरशासमोरच्या मोठ्या खुर्चीवर बसवलं होतं, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं. टब सुलटा केला होता. शेजारी फडक्यावर सळई, कात्री, कानस, नराणी, सगळी हत्यारं मांडली होती.

"हिरामण, सुतक लागनं ना रे!" भाऊबंदांपैकी वयानं मोठा होता तो ओरडला. "मयत पडेल शे घरमा. तू न्हावी असून हाई करस?"

"पहिले हिना पाय," दादा मागे न बघता म्हणाले. "मंग मसान."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

कुणीतरी शटर खाली ओढा म्हणालं. कुणी ओढलं नाही. गल्लीतली माणसं जमली होती, दोन मिलवाले पाळीवरून येता येता थांबले होते. काकूंनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि त्यांचे ओठ हलत होते. जावेची माफी मागत असाव्यात. कारण त्यांचा विश्वास होता, तेव्हाही होता, आजही असेल. कावळा शिवणार नाही, गेलेल्या बाईचा जीव घुटमळत राहील, हे त्यांच्या लेखी खरंच होतं. तरी त्यांनी पाय लुगड्याखाली ओढला नाही. दादा स्टुलावर बसले तेव्हा काकूंनी स्वतःच तो पाण्यातून उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

दादांनी कानस उचलली. हात थरथरत होता. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी थांबेना. मी शटरजवळ तांब्या घेऊन उभी होते, पुढे जावं की नाही कळत नव्हतं. नखाचा कोपरा मला तिथून दिसत होता, कडेला पुसटशी लाली. हा माणूस आत्ता उठला तर परत कधी बसणार नाही, एवढं मला कळत होतं.

"काल काय खादं वं?" त्यांनी विचारलं. आवाज फुटला होता.

"बाईनं धाडेल व्हतं," काकू म्हणाल्या. "वरन, भात, मेथीनी भाजी, आनि..." त्यांनी डोळे गच्च मिटले. "माय वं!"

केवढ्यानं ओरडल्या! बाहेरचा तो म्हातारा भाऊबंद दचकून मागे सरला.

मी दादांच्या हाताकडे बघत होते. कानस अजून वरच होती. तिनं नखाला स्पर्शसुद्धा केलेला नव्हता.

दादा कानशीकडे बघत राहिले, मग काकूंकडे. आणि ज्या माणसानं जन्मात कोणाला विचारलं नव्हतं, त्यानं विचारलं, "दुखनं का?"

"दुखनं," काकू म्हणाल्या. "हळू करा."

"बरं," दादा म्हणाले. त्यांनी मान खाली घातली, अंगठा दोन बोटांत धरला आणि कानस नखाला लावली.